सॉफ्टनरची बाटली फाटते तेव्हा: पॉलिमरचे अडकणारे आकडे, व्हेसिकलचे गोळे आणि त्यांचं जेल

उकळबिंदू | मंगळवार, रात्री १०:१०

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कपड्यांच्या सॉफ्टनरची बाटली "फाटल्याची" तक्रार वाचली. तळाशी बोटभर स्वच्छ पाणी, वर पांढरी साय. त्यावर दोघा-तिघांनी भेसळीचा संशय घेतला होता. मी पंचवीस वर्षं फॉर्म्युलेशनच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. अशी बाटली मी माझ्या हातानं फाडलेली आहे, तीही सगळा कच्चा माल चोख असताना. तो अनुभव आणि त्यातून उलगडलेलं रसायनशास्त्र नीट लिहावं असं खूप दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

आधी बाटलीत काय असतं ते बघू. साबणाच्या रेणूला एक पाण्याची ओढ असलेलं डोकं आणि एक तेलकट शेपटी असते. सॉफ्टनरमधला मुख्य घटक असलेल्या एस्टरक्वाटला डोक्यावर धनभार असतो आणि शेपट्या दोन. एक शेपटीवाले रेणू पाण्यात शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा चिमुकला गोळा करतात, तो मायसेल. दोन शेपट्यांचा रेणू मात्र अंगानं जाड असतो, त्याला एवढी तीव्र वळणं घेता येत नाहीत. असे रेणू पाठीला पाठ लावून दुहेरी पापुद्रा करतात आणि तो पापुद्रा कडा मिटवून बंद होतो. झाला व्हेसिकल: बाहेर पाणी, आतही पाणी, मध्ये चार-पाच नॅनोमीटर जाडीची भिंत. इस्राएलाश्विली, मिशेल आणि निनहॅम यांनी १९७६ साली याचा साधा हिशोब मांडला. शेपटीच्या आकारमानाला डोक्यानं व्यापलेलं क्षेत्रफळ आणि शेपटीची लांबी यांच्या गुणाकारानं भागा. उत्तर एक तृतीयांशाखाली आलं तर गोल मायसेल, अर्ध्यापर्यंत लांब दोरीसारखे मायसेल, अर्धा ते एकच्या दरम्यान पापुद्रे आणि व्हेसिकल. एवढ्या छोट्या भागाकारात इतकं सगळं बसतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता माझी बाटली. साध्या सॉफ्टनरमध्ये एस्टरक्वाट शेकडा पाचच्या आसपास असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणी. ते पातळ दिसतं आणि ग्राहकाला पातळ म्हणजे पाणी मिसळलेलं वाटतं. मला सांगण्यात आलं, दाट करा. मी हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज घातलं. हे आपल्या खळीच्या जातीचंच, लांब साखळीचं, पाण्यात फुगून दाटपणा देणारं पॉलिमर. संध्याकाळी बाटली सुरेख दाट झाली. चाळीस अंशांच्या कपाटात ठेवली, तिसऱ्या आठवड्यात उघडली तर तळाशी पाणी आणि वर साय.

पॉलिमर व्हेसिकलला चिकटलं म्हणून हे झालं, असं मी तेव्हा धरून चालले होते. घडलं होतं बरोबर उलटं. पॉलिमर अजिबात चिकटत नव्हतं, म्हणूनच बाटली फाटली. लग्नाच्या हॉलमध्ये मोठी गोल टेबलं आहेत आणि मधून पोरं सैरावैरा धावताहेत अशी कल्पना करा. दोन टेबलं इतकी जवळ आली की मधल्या फटीत पोर शिरू शकत नाही, तर धक्के फक्त बाहेरच्या बाजूंनी बसतात आणि टेबलं आणखी जवळ ढकलली जातात. पॉलिमरची साखळी पाण्यात गुंडाळी करून फिरते. दोन व्हेसिकलांमधली फट त्या गुंडाळीपेक्षा लहान झाली की ती तिथून हद्दपार होते आणि बाहेरचा परासरण दाब व्हेसिकलांना एकमेकांवर लोटतो. जपानच्या आसाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ सालीच हे दाखवून दिलं होतं. व्हेसिकलांचे घोस झाले, घोस पाण्यापेक्षा किंचित हलके, म्हणून साय वर आली.

उपाय सापडला तो त्याच सेल्युलोजच्या एका भावंडात. साखळी तीच, पण तिच्यावर मधूनमधून सोळा कार्बनांच्या तेलकट शेपट्या टाचलेल्या. वजनानं मोजल्या तर शेकडा एकाहूनही कमी. पावसाळ्यानंतर गवतातून चालून आल्यावर धोतराला, साडीच्या काठाला कुसळं लागतात ना, तशा या शेपट्या. अडकवायचे आकडेच म्हणा. पाण्यात त्यांना करमत नाही. समोर व्हेसिकलची तेलकट भिंत दिसली की त्या तिच्यात रुततात. एकाच साखळीची एक शेपटी या व्हेसिकलात, पुढची त्या व्हेसिकलात, आणि प्रत्येक व्हेसिकलात कितीतरी साखळ्यांच्या शेपट्या. अशी सगळ्या बाटलीभर जाळी होते. व्हेसिकल आता जाळीच्या गाठी झाले, त्यांना वर तरंगायलाही मोकळीक उरत नाही. पॉलिमर आधीच्यापेक्षा कमी लागलं आणि तीच बाटली तीन महिने कपाटात उभी राहिली.

या आकड्यांबद्दल सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते थोडेच हवेत. जास्त टाचले तर साखळी स्वतःतच गुंतून बसते आणि पाण्यात विरघळतच नाही. मी असा एक नमुना मागवला होता. चार तास ढवळून भांड्यात माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या तशाच होत्या.

प्रश्न असतील तर विचारा. जमेल तसं लिहीत राहीन.

---

गिरगावकर | मंगळवार, रात्री ११:०२

ताई, विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला संपला, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक शंका. व्हेसिकल म्हणजे पाणीपुरीची पुरी असं मी डोळ्यांसमोर आणलं: आत पाणी, बाहेरही पाणी. मग त्या पुरीत आकडा खुपसला तर ती फुटत नाही का?

---

उकळबिंदू | मंगळवार, रात्री ११:३०

दादा, नेमका प्रश्न विचारलात. पुरी कडक असते, टोचली की फुटते. व्हेसिकलची भिंत मात्र द्रवासारखी वाहती असते, रेणू त्यात सारखे जागा बदलत असतात. आकड्याची शेपटी आणि भिंतीतल्या रेणूंची शेपटी एकाच जातीची, त्यामुळे ती त्यांच्यात सामावून जाते. आणि आकार बघा. शंभर नॅनोमीटर व्यासाच्या व्हेसिकलच्या बाहेरच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ एकतीस हजार चौरस नॅनोमीटरच्या वर. एका रेणूला अर्धा-पाऊण चौरस नॅनोमीटर जागा लागते. आतला-बाहेरचा पदर मिळून साधारण एक लाख रेणू झाले. त्यात पाचपन्नास पाहुण्या शेपट्या आल्या तर घर मोडत नाही.

मात्र पाहुण्यांची गर्दी झाली तर मोडतं. पोर्तुगालमधलं कोइम्ब्रा आणि स्वीडनमधलं लुंड इथल्या संशोधकांनी याचा फार चिकाटीनं अभ्यास केला आहे. काही पॉलिमरांबरोबर त्यांना गोल व्हेसिकल कोनदार झालेले दिसले, सपाट बाजू असलेले. काही मिश्रणांत ते उघडून चकत्याही झाल्या.

---

शेवग्याची_शेंग | बुधवार, सकाळी ७:१५

ताई, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तुमचा धागा देवासारखा धावून आलाय. माझ्या प्रकल्पात तुम्ही म्हणता तेच शेपट्यावालं सेल्युलोज आहे, आणि त्यात मी एसडीएस (ऋणभाराचं, एक शेपटीवालं साबणासारखं रसायन) थोडं थोडं वाढवत विस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, मोजते. आधी ती भराभर वाढते, एका ठिकाणी शिखर गाठते आणि नंतर कोसळते, अगदी नुसत्या पॉलिमरपेक्षाही खाली. माझे मार्गदर्शक म्हणतात मोजण्यात चूक आहे. मी चार वेळा मोजलं. चारही वेळा तेच. आता काय करू?

---

उकळबिंदू | बुधवार, सकाळी ८:४०

शेंगे, तुझी मोजणी बरोबर आहे. हे शिखर या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रान्समधल्या इलिओपूलोस, वांग आणि ओदबेर यांनी १९९१ साली शेपट्या लावलेल्या सोडियम पॉलिअक्रिलेटवर अशीच विस्कॉसिटी मोजून प्रसिद्ध केली होती. सरांना तो निबंध दाखव.

कारण सांगते. पॉलिमरच्या शेपट्या आधी आपापसात सैल जुड्या करून असतात. थोडं एसडीएस आलं की ते त्या जुड्यांत शिरतं आणि वेगवेगळ्या साखळ्यांच्या शेपट्या एकत्र धरणाऱ्या पक्क्या गाठी बनतात. विस्कॉसिटी वाढते. एसडीएसच्या मायसेलमध्ये साधारण साठच रेणू असतात, म्हणजे गाठ छोटी, दोन-तीन शेपट्यांपुरती जागा. तू एसडीएस वाढवत गेलीस की मायसेलांची संख्या वाढते. शेवटी प्रत्येक शेपटीला स्वतःचा स्वतंत्र मायसेल मिळतो. आता एका गाठीत एकच धागा आहे, आणि एका धाग्याची गाठ काही बांधून ठेवत नाही. जाळी सुटली. शिवाय पॉलिमरच्या आपापसातल्या मूळच्या जुड्याही मोडल्या, म्हणून विस्कॉसिटी सुरुवातीपेक्षा खाली गेली.

आता याच पॉलिमरला व्हेसिकल दे आणि बघ. लाखभर रेणूंचा एक गोळा, त्याला शेकडो शेपट्या धरता येतात. तेवढंच सर्फॅक्टंट (डोकं-शेपटीवाले साबणासारखे रेणू) असलं तरी गोळ्यांची संख्या मायसेलांच्या तुलनेत नगण्य, त्यामुळे "एका शेपटीला एक गोळा" ही वेळ सहजासहजी येत नाही. तुझ्या प्रबंधात एकाच पॉलिमरवर हे दोन्ही शेजारी ठेवलेस तर फार सुंदर होईल.

दोन शेपट्यांचं सर्फॅक्टंट महाग पडत असेल तर धनभाराचं आणि ऋणभाराचं अशी दोन एकशेपटी सर्फॅक्टंटं मिसळ. विरुद्ध भारांची डोकी एकमेकांजवळ सरकतात आणि जोडी दोन शेपट्यांच्या रेणूसारखी वागते. केलर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये "सायन्स" नियतकालिकात हेच दाखवलं: धनभाराचं सीटीएटी आणि ऋणभाराचं एसडीबीएस पाण्यात नुसते मिसळले आणि व्हेसिकल आपोआप तयार झाले. तुझ्याकडे धनभाराचं सीटीएबी असेलच. त्याच्याबरोबर एसडीएस घेऊ नकोस, दोघांच्याही शेपट्या लांब असल्यानं सहज साका बसतो. ऋणभाराचं सोडियम ऑक्टिल सल्फेट घे. सोळा आणि आठ कार्बनांच्या शेपट्या नीट रचून बसत नाहीत, स्फटिक व्हायला जमत नाही. दोन्ही समप्रमाणात कधी घालू नकोस, एक बाजू जड ठेव. द्रावणाला निळसर झाक आली की समज व्हेसिकल झाले. आणि मिसळल्यावर दोन दिवस हात लावू नकोस.

---

ओपीडी_नंतर | बुधवार, दुपारी ३:२०

उत्तम धागा. वैद्यकीय बाजूनं भर घालतो आणि विचारतोही. शरीरातली प्रत्येक पेशी अशाच दुहेरी पापुद्र्याच्या भिंतीत असते. मग हे आकडेवालं पॉलिमर रक्तात गेलं तर तांबड्या पेशींच्या भिंतीतही रुतेल ना? कोळंबीच्या सालीपासून मिळणाऱ्या कायटोसान या पॉलिमरच्या रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्या आम्हाला माहीत आहेत, हेमकॉन कंपनीच्या पट्टीला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा आणि याचा काही संबंध?

---

उकळबिंदू | बुधवार, रात्री ९:५५

डॉक्टर, सरळ संबंध आहे, आणि या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच. जरा ऐसपैस लिहिते.

मेरिलँड विद्यापीठात श्रीनिवास राघवन यांचा गट आहे. त्यांनी कायटोसानच्या साखळीवर बारा कार्बनांच्या शेपट्या लावल्या. कायटोसानवर अमाइन गट असतात. त्यांच्याशी बारा कार्बनांचं अल्डिहाइड जोडायचं आणि तो जोड क्षपण करून कायमचा पक्का करायचा, असा तो मार्ग. हिशोबासाठी धरा की शंभरात दोन-तीन गटांवर शेपटी आहे, म्हणजे साधारण चाळीस कड्यांमागे एक. एक कडी अर्ध्या नॅनोमीटरची, तेव्हा दर वीस नॅनोमीटरला एक आकडा. हजार-बाराशे कड्यांच्या साखळीवर तीस आकडे झाले. या मापानं बघितलं की एक साखळी चार-सहा व्हेसिकलांना सहज गाठेल हे डोळ्यांसमोर येतं.

हे कायटोसान त्यांनी केलरच्याच सीटीएटी-एसडीबीएस व्हेसिकलांत मिसळलं. २००५ साली "लँगम्यूर" या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. दोन्ही द्रावणं आधी वाहणारी, मिसळल्यावर जेल. साधं, शेपट्या नसलेलं कायटोसान घातलं तर जेल झालं नाही. माझ्या मते सगळ्या निबंधाचा जीव या तुलनेत आहे. कायटोसानवर धनभार असतोच, त्यामुळे "भारामुळे चिकटलं असेल" असं कुणालाही वाटू शकतं. भार दोन्हीकडे आहे आणि जेल एकीकडेच, म्हणजे काम शेपट्यांनी केलं.

पुढचं पाऊल तुम्ही म्हणता तेच. त्याच गटातून २०११ मध्ये "बायोमटेरियल्स" नियतकालिकात निबंध आला. व्हेसिकलच्या जागी रक्त. शेपट्यावाल्या कायटोसाननं रक्ताचं जेल झालं, आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या रक्ताचंही झालं. म्हणजे शरीराच्या गोठण्याच्या साखळीवर ते अवलंबून नाही, पेशी स्वतःच जाळीच्या गाठी होतात. आणि हे उलटवताही येतं. अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन हा सहा ग्लुकोजांचा पोकळ, बांगडीसारखा रेणू. आतली पोकळी तेलकट, आणि सरळ शेपटी तिच्यात चपखल बसते. ते घातलं की शेपट्या पेशींच्या भिंतीतून सुटून या बांगड्यांत जातात आणि रक्त पुन्हा वाहायला लागतं. कुसळं एकेक करून काढून त्यांना टोपणं घालावीत तसं.

जखमेवरची पट्टी ओढून काढताना पुन्हा रक्त येतं हे तुम्ही रोज बघता. पट्टी धुऊन सोडवता आली तर काय होईल, हा विचार मला त्या निबंधानं दिला.

---

ओपीडी_नंतर | बुधवार, रात्री १०:४०

धन्यवाद, फार सविस्तर उत्तर. माझा पुढचा प्रश्न तुम्ही ओळखला असेल: यातलं थोडंसं जरी शिरेतून आत गेलं आणि तिथे पेशी जोडत बसलं तर? वरच्या जखमेवर ठीक आहे. पोटातल्या, जिथे दाबून धरताच येत नाही अशा रक्तस्रावात याचा मोह सगळ्यात जास्त, आणि धोकाही तिथेच सगळ्यात जास्त. वाचकांसाठी एक वाक्य: कायटोसानची पावडर बाजारात मिळते म्हणून कुणीही घरी जखमेत भरू नये.

---

उकळबिंदू | बुधवार, रात्री १०:५२

शंभर टक्के अनुमोदन. मी रसायनाची बाजू लिहिली, वापर कुठे करायचा हे तुमच्या क्षेत्रानंच ठरवायचं.

---

कोकणपट्टी | गुरुवार, सकाळी ६:३०

कायटोसान म्हटलं आणि मी सरसावून बसलो. आमचं घर बंदराजवळ. कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांच्या पुढ्यात डोकी आणि सालींचा जो ढीग लागतो तो कोळंबीच्या वजनाच्या चाळीस-पन्नास टक्के असतो. दुपारपर्यंत त्याला वास सुटतो. तेच साल एवढ्या कामाचं आहे हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर!

मी या धंद्यात काही वर्षं काढली, म्हणून पद्धत सांगतो. साल धुऊन वाळवायचं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कॅल्शियम कार्बोनेट काढायचं, फसाफस फेस येतो. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं काढायची. राहिलं ते कायटिन. ते सहजासहजी कशात विरघळत नाही. त्याला चाळीस-पन्नास टक्क्यांच्या गरम कॉस्टिकमध्ये शिजवलं की असिटिल गट निघून अमाइन मोकळे होतात, ते कायटोसान. सौम्य ॲसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरच्या ताकदीच्या पाण्यात, ते विरघळतं. खरी डोकेदुखी धुण्याच्या पाण्याची. एवढं आम्ल, एवढं अल्कली, आणि प्रत्येक पायरीला धुणं. ज्याच्याकडे गोडं पाणी मुबलक नाही त्यानं यात पडू नये.

डॉक्टरांना विचारायचं होतं, ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांचं काय?

---

ओपीडी_नंतर | गुरुवार, दुपारी २:०५

कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते. प्रथिनं नीट काढलेली असतील तर कायटोसानमध्ये ती राहू नयेत. "नीट काढलेली" हे दोन शब्द किती महत्त्वाचे ते तुमच्या पद्धतीवरून कळतंच. आणि रुग्णानं ॲलर्जी आधी सांगायची, हे तरीही आहेच.

---

रबर_आणि_रंग | गुरुवार, संध्याकाळी ७:४५

मी रंगांच्या कारखान्यात आहे. आमच्या पाण्याच्या रंगात असेच शेपट्यावाले पॉलिमर वापरतात, तिथे आकडे लॅटेक्सच्या कणांवर बसतात. माझा एक आक्षेप आहे. ताई, तुम्ही सारखा "जेल" शब्द वापरता. शेपटी भिंतीत रुतली म्हणजे कायमची थोडीच बसली? ती सुटते, पुन्हा बसते. अशा जाळीला वेळ दिला तर ती वाहणारच. मग ते खूप दाट द्रव म्हणा, जेल कशाला? आम्ही या फरकावर पैसे गमावलेत: भिंतीवर रंग "बसला" असं वाटतं आणि तासाभरानं ओघळ दिसतात.

---

उकळबिंदू | गुरुवार, रात्री ९:३०

आक्षेप मान्य, आणि त्याचं मोल तुम्ही खिशातून दिलंय म्हणून जास्तच मान्य. प्रश्न सुटायला किती वेळ लागतो याचा आहे.

शेपटीतला प्रत्येक सीएच२ गट तेलातून पाण्यात ओढायला साधारण तीन किलोज्यूल प्रति मोल लागतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडपड अडीच किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास. म्हणजे दोन कार्बन वाढवले की शेपटी सुटण्याचा काळ जवळपास दहा-अकरा पट होतो. बारावरून सोळावर गेलं की शंभर पटीच्या वर. आठ कार्बनांची शेपटी म्हणजे आली आणि गेली. अठराची म्हणजे ठाण मांडून बसली. तुमच्या रंगात ओघळ नको आणि ब्रशखाली मात्र पसरला पाहिजे, म्हणजे तुम्हाला मधला काळ हवा.

जेल म्हणायचं की नाही हे मी ऱ्हिओमीटरवर (पदार्थ किती वाहतो आणि किती ताणून परत येतो हे मोजणारं यंत्र) ठरवते. नमुना हळू किंवा जलद हलवला तरी स्थितिस्थापक अंश सगळीकडे सपाट आणि प्रवाही अंशाच्या वर राहिला, तर त्या मोजमापाच्या वेळेपुरतं ते जेल. मेरिलँडच्या व्हेसिकल-कायटोसानमध्ये तसं सपाट चित्र आलं होतं. तेच पॉलिमर मायसेलांच्या द्रावणात घातलं तेव्हा विस्कॉसिटी वाढली, पण असं सपाट जेल मिळालं नाही. बारा कार्बनांची तीच शेपटी असूनही हा फरक का? माझी समजूत अशी की व्हेसिकलला एकाच वेळी इतक्या साखळ्या धरून असतात की एक शेपटी सुटली तरी बाकीच्या तो गोळा जागेवर ठेवतात, आणि सुटलेली पुन्हा त्याच भिंतीत शिरते. दहीहंडीच्या खालच्या थरात एकाचा हात सुटला तर थर कोसळत नाही, तसं.

---

चेंबूरकर_आजोबा | शुक्रवार, सकाळी ११:१०

तुर्भ्याला नोकरीत आयुष्य गेलं, म्हणून राहवेना. एका गोष्टीचा उल्लेख राहिलाय. जेलमध्ये व्हेसिकल शाबूत आहेत हे कळलं कसं? सूक्ष्मदर्शकासाठी नमुना गोठवावा लागतो, आणि प्रकाशाच्या किरणांना असं गढूळ द्रावण पेलवत नाही. तिथे न्यूट्रॉन कामाला येतात.

साध्या हायड्रोजनवरून न्यूट्रॉन जसा विखुरतो त्याच्या अगदी उलट चिन्हानं तो जड हायड्रोजनवरून विखुरतो. नमुना साध्या पाण्याऐवजी जड पाण्यात केला की तेलकट भिंत काळ्या फळ्यावरच्या खडूसारखी उठून दिसते. लहान कोनांत विखुरलेले न्यूट्रॉन मोजायचे. पातळ भिंतीचे पोकळ गोळे असतील तर तीव्रता विखुरण्याच्या सदिशाच्या (कोन वाढला की वाढणारी राशी) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. भरीव मायसेल झाले असते तर उतार वेगळा आला असता. पॉलिमर घालण्याआधीचा आणि नंतरचा आलेख मोठ्या कोनांकडे एकमेकांवर बसला, की भिंत तीच आणि तेवढीच जाड आहे हे सिद्ध. ही सोय आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर आहे. ती भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली. बाहेरच्या विद्यापीठांतली मुलं तिथे नमुने घेऊन येत, हातात छोट्या कुप्या आणि चेहऱ्यावर भलतं टेन्शन. त्यांचा उतार बरोबर आला की त्यांच्याइतकाच मला आनंद व्हायचा.

---

उकळबिंदू | शुक्रवार, दुपारी १:००

आजोबा, नमस्कार. ही माहिती तुमच्याकडून यावी यापरतं भाग्य नाही. मी हे फक्त निबंधांत वाचलं होतं, कुप्या हातात घेतलेला माणूस आज इथे बोलला.

---

शेवग्याची_शेंग | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:२०

ताई! सीटीएबी आणि ऑक्टिल सल्फेटचं द्रावण केलं. पहिल्या दोन प्रमाणांत साका बसला, तिसऱ्यात नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ धरलं तर खरंच निळसर झाक होती. मी ओरडलेच. त्यात शेपट्यावालं सेल्युलोज मिसळलं, दोन दिवस हात लावला नाही (आयुष्यातले सगळ्यात लांब दोन दिवस). मग नळी उलटी केली. पडलं नाही. दहा मिनिटांनी कडेनं किंचित घसरलं, एवढंच. शेजारी साध्या सेल्युलोजची नळी होती, तिच्यात तळाशी एक स्वच्छ थर दिसायला लागलाय, तुमच्या फाटलेल्या बाटलीसारखा. सरांना दोन्ही नळ्या दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे दोन्ही प्रबंधात घे, आणि एसडीएसचं शिखरही घे.

एक नवीन गोष्ट घडली. नळी पन्नास अंशांच्या पाण्यात ठेवली तर भराभर वाहायला लागली, आणि थंड झाल्यावर तासाभरानं पुन्हा जागेवर. व्हेसिकल मोडले का?

---

उकळबिंदू | रविवार, रात्री ९:०५

किती छान! नळ्यांचे फोटो नक्की काढून ठेव, साक्याच्या नळ्यांचेही.

परत जमलं म्हणजे काही कायमचं बिघडलेलं नाही. दोन शक्यता आहेत. एक, उष्णतेनं शेपट्या जास्त वेगानं सुटू लागल्या आणि वर रंगवाल्या दादांनी म्हटलं तसं जाळीला वाहायला वेळ पुरला. दोन, पन्नासला व्हेसिकलचे मायसेल झाले आणि थंड झाल्यावर पुन्हा व्हेसिकल. सुरुवात फुकटच्या तपासणीनं कर: पॉलिमर न घातलेलं नुसतं व्हेसिकलांचं द्रावण त्याच पाण्यात ठेव आणि खिडकीजवळ बघ. निळी झाक टिकली तर पहिली शक्यता धर, गेली तर दुसरी. पाच-पाच अंशांनी चढव, घाई करू नकोस. काय दिसलं ते इथेच लिही.